डोंगर येईपर्यंत

खट्.

एवढाच आवाज. बटण दाबल्याचा, नाहीतर कशाचं तरी झाकण बसल्याचा. एरवी तो कुणाच्या कानावरही आला नसता. पण दमदमची दुपार होती, समोरच्या इमारतीचं बांधकाम जेवणासाठी थांबलं होतं, विमानही बराच वेळ डोक्यावरून गेलं नव्हतं, आणि तव्यावरची पोळी फुगायची वाट बघत नूपुर इतकी गप्प उभी होती, की तिचा श्वास तिलाच ऐकू येत होता.

आवाज बाहेरच्या खोलीतून आला होता. तिचं टेबल होतं त्या खोलीतून.

हातातलं उलथनं तसंच धरून ती धावली. खोलीत कुणी नव्हतं. पंखा फिरत होता, खिडकीचा पडदा जागच्या जागी होता. बेसिनपाशी चारुदत्त खळखळून चुळा भरत होता. सासूबाई ताटं मांडत होत्या. बाथरूममध्ये वृंदा पायांवर पाणी ओतत शाळेतलं कुठलंसं बंगाली गाणं म्हणत होती. जो तो जिथे असायला हवा तिथे होता. फक्त टेबलावरच्या लॅपटॉपची स्क्रीन उजळली होती, कुणी आत्ता जागी करून गेल्यासारखी.

आणि स्क्रीनवरचे डोंगर नाहीसे झाले होते.

सोमवार, मंगळवार आणि आज बुधवार. लागोपाठ तिसरा दिवस.

डोंगर हा वृंदाचा शब्द. व्हिडिओ एडिटिंगवाले त्याला वेव्हफॉर्म म्हणतात. आवाजाचं चित्र ते. कुणी मोठ्यानं बोललं की उंच शिखर, पुटपुटलं की बुटकी टेकडी, सगळे गप्प बसले की सपाट रेघ. बाकीच्या एडिटरांचं या चित्रावाचून फारसं अडत नसेल, पण नूपुरचं सगळं काम त्यावर चालायचं. कारण न्यू टाउनमधल्या ज्या स्टुडिओसाठी ती घरून लग्नाच्या फिल्म कापायची, तिथली लग्नं बंगाली, माणसं बंगाली, बोलणं बंगाली. आणि नूपुरचं बंगाली होतं मासे नको, वांगी द्या, इतपत. कान मागे पडायचा. मग तिनं डोळ्यांना कामाला लावलं. वाक्य कुठे संपतं, बोलणारा दम कुठे घेतो, हसू कुठे सुरू होऊन रडण्यात कुठे मिसळतं, हे सगळं तिला त्या डोंगरांच्या उतारांवरून दिसायचं. शंख म्हणजे एकच लांब भिंत. बायकांनी जीभ हलवून केलेली उलूची आरोळी म्हणजे दाट दातांचा कंगवा. शब्द न कळता ती बरोबर जागी कात्री चालवायची, आणि हे गुपित स्टुडिओत कुणाला ठाऊक नव्हतं.

लॅपटॉप जुना. अकरा तासांच्या आवाजाचे डोंगर काढायला त्याला तीन तास लागत. पण एकदा काढले की सॉफ्टवेअर ते एका फोल्डरमध्ये जपून ठेवतं, पुन्हा काढावे लागत नाहीत. लागायला नकोत. सकाळी नऊपासून ती बसायची तेव्हा सगळे डोंगर जागेवर असायचे. बाराला वृंदाला शाळेच्या पूलकारमधून उतरवून घ्यायला ती खाली जायची, मग पोळ्या, मग जेवणं. दोनला परत टेबलाशी यावं, तर समोर नुसत्या सपाट रेघा. मग पाचपर्यंत बघत बसायचं. अर्धा दिवस असा रोज कुणीतरी तिच्या हातून काढून घेत होतं.

शनिवारी संध्याकाळपर्यंत घोषालांच्या लग्नाची फिल्म द्यायची होती. स्टुडिओनं तिला तीन महिने पारखायला घेतलं होतं, ते शनिवारीच संपत होते. फिल्म वेळेत गेली तर ती तिथली कायमची एडिटर. नाही गेली तर नाशिकची चांगली नोकरी सोडून, नवऱ्याच्या बदलीमागून या शहरात आलेली, कुणाची तरी बायको आणि कुणाची तरी आई. त्या दोन्ही गोष्टी तिला प्रिय होत्या. पण तिसरी एक हवी होती.

स्वयंपाकघरातून जळका वास आला तेव्हा ती भानावर आली.

जेवताना तिनं शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "लॅपटॉपला कुणी हात लावला का?"

"मी आत्ता येतोय," चारुदत्त म्हणाला. त्याची बँकेची शाखा नागेरबाजारला, दहा मिनिटांवर. जेवायला तो घरीच यायचा. "पायातले मोजेसुद्धा काढलेले नाहीत. हे बघ."

"टेबलाखाली बघायला सांगू नकोस जेवताना," सासूबाई म्हणाल्या. मग नूपुरकडे न बघता, "आणि माझंही नाव नको. मी सकाळी टेबल पुसते. टेबल. त्या डब्याला शिवतसुद्धा नाही. उगाच माझा विटाळ व्हायचा त्याला."

"मी तुम्हाला म्हटलं का आई?"

"बघितलंस ना पण."

"आई," वृंदा म्हणाली, "माझी पोळी काळी आहे."

नूपुरनं तिची पोळी स्वतःच्या ताटात घेतली आणि आपली तिला दिली. विषय तिथे थांबला. मनात मात्र नाही.

दोन वाजता चारुदत्त बँकेत गेला, सासूबाई आडव्या झाल्या. नूपुर टेबलाशी बसली. स्क्रीनच्या डाव्या कडेला पहिली टेकडी उगवायला लागली होती, भिंतीला ओल चढावी तशी, बघताना हलत नाही आणि नजर फिरवली की वाढलेली. तिनं साठवणीचा फोल्डर उघडून वेळ पाहिली. बारा बावन्न. काल बारा अठ्ठेचाळीस होती. परवा बारा पंचावन्न. रोज ती पोळ्या लाटत असताना.

हे आपोआप होत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पंधरा दिवसांपूर्वी डोंगर वेडेवाकडे दिसायला लागले, तेव्हा स्टुडिओतल्या तंत्रज्ञानं फोनवरून सांगून तिच्याकडून ते सगळे पुसवून घेतले होते. सॉफ्टवेअरच्या एका कोपऱ्यात झाडूचं चित्र असतं. ते दाबायचं. मग ते विचारतं, नक्की? मग 'हो' म्हणून एंटर दाबायचं. म्हणजे हे करणाऱ्या माणसाला सॉफ्टवेअरनं दर वेळी विचारलं होतं. आणि तो दर वेळी हो म्हणाला होता.

"आले का डोंगर?"

दारात वृंदा उभी होती. एका हातात आजीनं नाशिकहून आणलेले सागरगोटे, दुसऱ्यात मुरीची, म्हणजे इथल्या चुरमुऱ्यांची, वाटी. पहिलीत होती, पण दुपारी झोपणं हा तिला अपमान वाटायचा.

"नाही गं राणी. कुठले यायला."

"मग मी येऊ?"

"ये."

डोंगर येईपर्यंत वृंदानं आईजवळ बसायचं आणि सगळे आले की आजीकडे जायचं, असा त्या दोघींचा नियम होता. तो वृंदा कधी मोडत नसे. ती फरशीवर बसली. नूपुरही खुर्चीवरून खाली आली, दुसरं करण्यासारखं होतं काय? त्या सागरगोटे खेळल्या. वृंदा हवेत एक उडवायची आणि खालचे उचलायचे विसरून त्या एकाकडेच बघत राहायची. मग दोघींनी आलेल्या डोंगरांना नावं ठेवली. हा ढेरपोट्या. ही दोन जुळी. हा बाबा, कारण याच्या डोक्यावर मधोमध सपाट. वृंदा इतकी हसली की तोंडातली मुरी उडाली. नूपुरही हसली. तिच्या डोक्यात एकीकडे चालूच होतं, बारा बावन्न, बारा अठ्ठेचाळीस.

साडेतीनला सुदेष्णादीचा फोन आला. स्टुडिओ तिचा होता. हिंदी, बंगाली, इंग्रजी यांतलं जे तोंडात येईल ते ती बोलायची, आणि रागावली की तिन्ही एकदम.

"नूपुर, शुभदृष्टीचा भाग दुपारपर्यंत देणार होतीस."

"देते दीदी. वेव्हफॉर्म पुन्हा गेले. परत काढतेय."

"पुन्हा." सुदेष्णादीनं तो शब्द नीट घडी घालून ठेवल्यासारखा म्हटला. "सोमवारी वेव्हफॉर्म. मंगळवारी वेव्हफॉर्म. माझ्याकडे सहा एडिटर आहेत, एकाचेही जात नाहीत. मला खरं सांगशील? दुसऱ्या कुणाचं काम घेतलंयस का तू?"

"नाही हो दीदी!"

"सकाळभर तुझं काम येतं. दुपारी काही येत नाही. रोज. मी काय समजायचं?"

घरातलंच कुणीतरी पुसतंय, असं कसं सांगायचं? ते सांगण्यापेक्षा खोटारडी ठरलेलं बरं.

त्या संध्याकाळी तिनं लॅपटॉपला कुलूप घातलं. चार आकड्यांचं. उठताना स्क्रीन बंद करायची, की आकडे टाकल्याशिवाय उघडायची नाही. आकडे सुचायला वेळ लागला नाही. एक, नऊ, शून्य, आठ. एकोणीस ऑगस्ट, वृंदाचा वाढदिवस. घरातल्या सगळ्या कुलपांना हीच किल्ली होती.

गुरुवारी दोन वाजता तिनं आकडे टाकले. सपाट रेघा. बारा पन्नास.

म्हणजे आता तर उघडच होतं. सासूबाईंना ते आकडे कोण सांगणार? त्यांना मोबाइलवर फोटो मोठा करता येत नव्हता. आकडे माहीत होते चारुदत्तला. आणि चारुदत्तच गेल्या महिन्यात म्हणाला होता, लॅपटॉप किती भरलाय, एकदा साफ करून देतो. आणखीही काही म्हणाला होता, जेवणानंतर बडीशेप चघळत, सहज. पुढच्या वर्षी बदली येईलच गं, इथे कशाला एवढा जीव गुंतवतेस. तेव्हा ते तिला प्रेमाचं वाटलं होतं. आता ती ते वाक्य पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकत होती, आणि दर वेळी त्यात काहीतरी निराळं सापडत होतं.

रात्रीच्या जेवणाआधी, वृंदा गृहपाठाला बसली तेव्हा, तिनं त्याला बाल्कनीत गाठलं.

"झाडू तू मारतोस का?"

"काय?" चारुदत्त खरंच दचकला. "कामाच्या शोभाबाई सोडून गेल्या का?"

"लॅपटॉपमधला. माझं काम पुसतंय कुणीतरी. रोज, जेवायच्या वेळी."

चारुदत्तनं उत्तर द्यायला अर्धा सेकंद जास्त लावला. कुणाच्या लक्षात आला नसता असा अर्धा सेकंद. पण नूपुरचा दिवस असे अर्धे सेकंद वेचण्यात जायचा.

"नाही," तो म्हणाला.

"थांबलास का मग?"

"नूपुर, बँकेत दिवसभर प्रत्येक कागदावर संशय घ्यायचा मला पगार मिळतो. घरी येऊन मीच आरोपी?"

"थांबलास का?"

त्यानं आत बघितलं आणि आवाज उतरवला. "आईचा विचार आला मनात. एवढंच. तिला तुझं हे बसणं आवडत नाही, तुला माहितेय. पण तिला जमेल का ते, असा विचार करत होतो."

त्याच्या मागे दारात सासूबाई उभ्या होत्या. हातात वाळलेल्या कपड्यांचा ढीग. त्यांनी तो शांतपणे खुर्चीवर ठेवला.

"चारू," त्या म्हणाल्या, "माझं रविवारचं तिकीट बघ. नाशिकचं. खालचा बर्थ मिळाला तर बरं, नाही मिळाला तरी चालेल."

"आई, अगं..."

"नाही रे, शिकलेल्या माणसांच्या घरात जपून राहावं. आपला हात कुठे लागेल सांगता येत नाही."

त्या आत गेल्या. बाल्कनीवरून एक विमान इतक्या खालून गेलं, की पुढचं काही बोलायची सोयच राहिली नाही.

शुक्रवारी सकाळी नूपुरनं शुभदृष्टीचा भाग पुरा करून पाठवून दिला. नवरी चेहऱ्यापुढची विड्याची पानं बाजूला करते आणि नवऱ्याकडे पहिल्यांदा बघते, तो क्षण. मग साडेअकराला ती उठली. लॅपटॉप उचलून स्वयंपाकघरात पोळपाटाशेजारी ठेवता आला असता. कपाटात कुलूपबंद करता आला असता. निदान आकडे तरी बदलता आले असते. डोंगर वाचवायचे इतके मार्ग होते, की तिची तिलाच लाज वाटली. पण तिला आता डोंगर वाचवायचे नव्हते. कोण आहे ते हवं होतं.

स्टुडिओनं दिलेला आवाजाचा एक छोटासा रेकॉर्डर होता, नवरदेवाच्या शेरवानीत लपवतात तसला. तो तिनं चालू केला आणि टेबलावरच्या पेनांच्या कपामागे ठेवला. मग खाली जाऊन वृंदाला आणलं, तिचे बूट काढले, पोळ्यांना लागली. कान तिकडेच होते. आज खट् ऐकू आलं नाही. विमान गेलं होतं वरून.

जेवताना सासूबाईंनी कोशिंबीर वाढली ती वाटीकडे बघतच.

दोन वाजता तिनं रेकॉर्डर जोडला. घोषालांच्या फिल्ममधले डोंगर गेलेले होतेच. ती फिल्म तिनं मिटून ठेवली, नवी रिकामी पाटी उघडली आणि त्यावर एकच फाइल टाकली. अडीच तासांची. चित्र पुरं व्हायला पाऊण तास लागणार.

ऐकायचं तर लगेच ऐकता आलं असतं. ऐकायला कुठे डोंगर लागतात? पण हेडफोन तिनं गळ्यातच ठेवला. आवाज ऐकला की माणूस नक्की होतो. चित्र येईपर्यंत तो कुणीही नसतो.

"येऊ?"

मुरीची वाटी, सागरगोटे. वृंदा आज सरळ मांडीवरच चढली.

"आज एकच डोंगर?"

"आज एकच."

"कुणाचा आहे?"

"बघू या," नूपुर म्हणाली. तिनं वृंदाच्या केसांवर हनुवटी टेकवली. घाम, खडू आणि शाळेच्या रंगांचा वास.

स्क्रीनच्या डाव्या कडेला दोन ठिपके उगवले. तिची स्वतःची पावलं, खोलीबाहेर जातानाची. मग सपाट. बराच वेळ सपाट. वृंदा एकेक मुरी उचलून खात होती. मग दूरच्या आवाजांची बारीक लव, त्या दोघी घरात आल्या ते. मग पुन्हा काही नाही. मग हळूच चढत जाणारी आणि हळूच उतरणारी लांब गुळगुळीत टेकडी, म्हणजे विमान.

आणि विमानाच्या उतारावर, टिकल्या.

नूपुर पुढे वाकली. घरातल्या माणसांची पावलं ती ओळखायची. सासूबाईंचा उजवा गुडघा दुखायचा, त्यांची पावलं एक उंच, एक बुटकं अशी पडायची. चारुदत्त टाच आपटत चालायचा. या टिकल्या दोन्हींसारख्या नव्हत्या. सारख्या अंतरावर, हलक्या, भराभर. मग एक खरखरीत पट्टा, खुर्ची ओढल्याचा. मग चार टिकल्या. एक, दोन, तीन, चार. मग सुईसारखी एकच उंच रेघ.

खट्. लॅपटॉपची एंटरची कळ कधीपासून सैल झाली होती.

त्या रेघेच्या मागेपुढे बुटक्या, गोल टेकड्यांची एक रांग उगवत होती. कुणीतरी बोलत होतं. अगदी हळू.

तिनं हेडफोन कानांना लावला आणि फाइल त्या चार टिकल्यांच्या आधी नेऊन ठेवली.

"एक. नऊ. शून्य. आठ. माझा हॅपी बर्थडे," कुणीतरी कुजबुजलं. खट्. "झाडू." थोडी खुडबूड. "हो." पुन्हा खट्. आणि मग, खिडकीतल्या चिमण्यांशी बोलावं तसं, "जा रे डोंगरांनो. सगळे जा. आणि पळत येऊ नका हं. हळूहळू या."

नूपुरनं हेडफोन काढला. मांडीवरचं ओझं मुरी खात होतं.

"वृंदा."

"हं."

"झाडू तू मारलास?"

"हो," वृंदा म्हणाली. "रोज देते मी झाडू." तिच्या मराठीत बंगाली असं मधूनच यायचं.

"पण तुला शिकवलं कुणी?"

"तूच. स्टुडिओतल्या काकांचा फोन होता ना तेव्हा. तू म्हणालीस, दाब वृंदा."

म्हणाली होती. त्या दिवशी ही अशीच मांडीवर होती. झाडूचं चित्र बघून हरखली होती, मी दाबू म्हणाली होती, आणि नूपुरनं तिचं बोट धरून एंटरवर ठेवलं होतं. ती सगळी दुपार मग त्या दोघींनी सागरगोट्यांवर काढली होती. महिन्यातली पहिलीच तशी दुपार.

"अगं पण का?"

वृंदानं वळून आईकडे बघितलं. एवढी साधी गोष्ट हिला कशी कळत नाही, असं.

"डोंगर गेले की तू असतेस."

"आणि आले की? मी इथेच असते ना गं?"

"असतेस. पण कानात ते असतं." तिनं हेडफोनला मुरीचं बोट लावलं.

नूपुरनं तिला घट्ट धरलं. चार दिवस या घरातल्या प्रत्येकाच्या पावलांवर, प्रत्येकाच्या थांबण्यावर, बडीशेपेवर काढलेल्या वाक्यावरसुद्धा तिनं कान लावला होता. फक्त रोज दुपारी जी समोर येऊन विचारायची, आले का डोंगर, तिचं विचारणं तिनं ऐकलंच नव्हतं.

दारात एक उंच, एक बुटकं पाऊल वाजलं.

"सापडला का चोर?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, मी... चुकलं माझं. मी तुमच्यावर उगाच..."

"बोलली नाहीस तू काही. बोलायला हवं होतंस. तोंडावर विचारलं असतंस तर मीही तोंडावर चार सुनावले असते, दोघी मोकळ्या झालो असतो." त्यांनी वृंदाकडे बघितलं. "झोपेत बरळते ही, डोंगरांनो जा, डोंगरांनो जा. मला वाटलं, भूगोलाचा धडा असेल."

"पहिलीत भूगोल नसतो आजी."

"तूच शिकव आता मला." त्या वळल्या, आणि जाता जाता म्हणाल्या, "चारूला सांग, रविवारच्या गाडीला फार गर्दी असते म्हणावं. माझा गुडघा नाही तेवढा धड."

नूपुरला हसू आलं आणि डोळेही भरून आले. ते पुसायच्या आत फोन वाजला. सुदेष्णादी.

"नूपुर, सकाळचा भाग बघितला." मध्ये थोडं थांबणं. नूपुरनं सवयीनं ते मोजलं. "नवरीची आजी उलू द्यायला तोंड उघडते, आवाज फुटत नाही, नुसता श्वास येतो. तू तो श्वास ठेवून मग कापलंस. माझ्या सहाजणांनी तो श्वास कचरा म्हणून काढून टाकला असता. बंगाली कळत नाही म्हणतेस, मग हे कसं कळलं?"

"दिसलं दीदी."

"दिसलं!" ती हसली. "ऐक. मला खरंच वाटलं होतं, तू दुपारी दुसरीकडे काम करतेस. अजूनही थोडं वाटतंय, खोटं कशाला बोलू. म्हणून सबबच काढून घेतेय तुझी. स्टुडिओची नवी मशीन पाठवलीय. गाडी निघाली, तासाभरात येईल. अकरा तासांचे वेव्हफॉर्म दोन मिनिटांत. उद्या फिल्म दे, सोमवारपासून तू आमची. दिवसभर. दुपारीसुद्धा. ठीक?"

"ठीक दीदी," नूपुर म्हणाली. "खूप ठीक."

तिनं फोन ठेवला. झालं होतं. शनिवार हातात होता, दोन मिनिटांचे डोंगर होते. या शहरात कुणीतरी तिच्या नावानं तिला ओळखणार होतं. तिनं वृंदाला उचलून गर्रकन फिरवलं. वाटी कलंडली, मुरी खोलीभर झाली.

"काय झालं? काय झालं?"

"आईला नवा कम्प्युटर मिळतोय! मोठा!"

"त्यात डोंगर आहेत?"

"आहेत तर. आणि ते इतके जोरात येतात, इतके जोरात, की तू डोळे मिटून उघडलेस ना, की सगळे आलेले!"

वृंदानं डोळे मिटले. उघडले. समोरच्या जुन्या स्क्रीनवर तिच्याच कुजबुजीच्या टेकड्या अजून उगवत होत्या, हळूहळू, तिनं सांगितलं होतं तशाच. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग आईच्या कडेवरून खाली उतरली, फरशीवरचा एक सागरगोटा उचलला आणि मुठीत धरून विचारलं,

"मग मी केव्हा येऊ?"